लाच मागितली जातेय? एसीबीकडे तक्रार देण्यापासून साक्षीपर्यंत, पायरीपायरीने

फेरफाराची नोंद अडली आहे, घरकुलाचा दुसरा हप्ता थांबला आहे किंवा बिलावर सही होत नाही, आणि समोरचा माणूस म्हणतो, ‘तुम्ही काही बोलतच नाही.’ अशा वेळी काय करायचं याची नेमकी माहिती बहुतेकांना नसते. कोणी पैसे देऊन मोकळा होतो, कोणी हेलपाटे घालत राहतो. तक्रार करायला निघालेलेही अनेकदा पहिल्याच दिवशी अशी चूक करतात की पुढे खटला उभा राहणं अवघड होतं.

हा लेख महाराष्ट्राच्या लाचलुचपत प्रतिबंधक विभागाकडे, म्हणजे एसीबीकडे, तक्रार देण्याविषयी आहे. सुरुवातीलाच एक गोष्ट लक्षात घ्या. लाचेच्या खटल्यात सगळ्यात आधी ‘मागणी’ सिद्ध करावी लागते. नोटा नुसत्या सापडून भागत नाही. साहेबांच्या टेबलाच्या खणात पाच हजार सापडले, पण ते त्यांनी मागितले होते हे दाखवता आलं नाही, तर आरोपी सुटू शकतो. खाली दिलेली बहुतेक प्रत्येक सूचना या एका गोष्टीसाठी आहे.

## १. ही लाच आहे का, ते आधी पाहा

सरकारी शुल्क आणि लाच यांत गल्लत करू नका. मोजणीची फी, नकलेची फी, मुद्रांक, दंड ही रक्कम चलनाने किंवा ऑनलाइन भरली जाते आणि तिची पावती मिळते. पावती मागितल्यावर समोरचा गप्प बसला किंवा ‘याची पावती नसते’ म्हणाला, तर काय ते समजून घ्या.

भ्रष्टाचार प्रतिबंधक अधिनियम, १९८८ हा मूळ कायदा. २०१८ मध्ये त्यात मोठी दुरुस्ती झाली. कलम ७ नुसार लोकसेवकाने ‘अनुचित लाभ’ घेणं किंवा घेण्याचा प्रयत्न करणं हा गुन्हा असून शिक्षा किमान तीन आणि कमाल सात वर्षं कैद, शिवाय दंड. यातल्या दोन बाबी लोकांना सहसा माहीत नसतात.

एक म्हणजे काम कायदेशीर असलं तरी ते करण्यासाठी पैसे मागणं हा गुन्हाच आहे. ‘तुमचं काम नियमातच बसतंय, फक्त चहापाण्याचं बघा’ असं म्हणणारा माणूस यातून सुटत नाही. दुसरी बाब म्हणजे लाच पैशांचीच असावी लागते असं नाही. मोबाइल, दारू, घराचं प्लास्टर, मुलाच्या लग्नातल्या जेवणाचा खर्च, शरीरसुखाची मागणी, हे सगळं अनुचित लाभात येतं.

लोकसेवक कोण, याचीही व्याख्या मोठी आहे. तलाठी (आता पदनाम ग्राम महसूल अधिकारी), मंडळ अधिकारी, ग्रामसेवक, पोलीस, महापालिकेचा अभियंता, महावितरणचा कर्मचारी तर आहेतच. पण सरपंच, नगरसेवक आणि अनुदानित शाळेचा मुख्याध्यापकही त्यात येतो. पैसे बाहेरच्या दलालामार्फत मागितले जात असतील तरी तक्रार होते. बातम्यांत ज्याला ‘खासगी इसम’ म्हणतात तो हाच, आणि त्याच्यासाठी कलम ७अ व १२ आहेत.

## २. एखादा हप्ता आधीच दिला असेल तर

हा मुद्दा बरेच जण लपवतात आणि तिथेच फसतात. २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणं हाही कलम ८ खाली गुन्हा आहे. पण ज्याला लाच द्यायला भाग पाडलं गेलं, त्याने दिल्यापासून सात दिवसांच्या आत तपास यंत्रणेला कळवलं तर हे कलम त्याला लागत नाही. म्हणून सोमवारी दोन हजार दिले असतील तर पुढच्या सोमवारची वाट पाहू नका.

यंत्रणेला आधी कळवून, तिला मदत म्हणून नंतर पैसे दिले, तरीही तुमच्यावर गुन्हा होत नाही. सापळ्यातला, म्हणजे लाच घेताना रंगेहाथ पकडण्याच्या कारवाईतला, तक्रारदार याच तरतुदीमुळे सुरक्षित असतो. उलट स्वतःच्या मनाने पैसे द्यायचे, चोरून व्हिडिओ काढायचा आणि महिनाभराने तो घेऊन यायचं, हा मार्ग तुम्हालाच अडचणीत आणतो.

आधी दिलेली रक्कम तक्रारीत स्पष्ट लिहा: कधी, कुठे, किती, कोणाच्या हातात. उलटतपासणीत ती बाहेर येणारच असते. आपण सांगितली तर ती मागणीचा पुरावा ठरते. दुसऱ्याने उकरून काढली तर तुमच्या सगळ्या साक्षीवर शंका घेतली जाते.

## ३. कोणाकडे जायचं

राज्य सरकार, जिल्हा परिषद, पालिका, ग्रामपंचायत, पोलीस, राज्याची महामंडळं यांच्यासाठी एसीबी. टोल फ्री क्रमांक १०६४. विभागाची आठ परिक्षेत्रं आहेत: मुंबई, ठाणे, पुणे, नाशिक, नागपूर, अमरावती, छत्रपती संभाजीनगर आणि नांदेड. त्यांच्याखाली जिल्ह्याजिल्ह्यांत उपअधीक्षकांची कार्यालयं असतात.

रेल्वे, टपाल, आयकर, सीमाशुल्क, राष्ट्रीयीकृत बँका अशा केंद्राच्या अखत्यारीतल्या माणसांसाठी सीबीआयच्या भ्रष्टाचारविरोधी शाखेकडे जा. गोव्यात हे काम दक्षता संचालनालयाच्या अखत्यारीतली भ्रष्टाचारविरोधी शाखा करते.

१०६४ वर फोन करून सुरुवात करता येते, पण सापळा लावायचा तर प्रत्यक्ष जाऊन सही केलेली तक्रार द्यावी लागते. निनावी पत्रावर सापळा लागत नाही, कारण सापळ्यात पैसे देणारा माणूस तुम्हीच असता. आपल्या तालुक्यात बातमी फुटेल अशी भीती वाटत असेल तर थेट परिक्षेत्राच्या कार्यालयात जा. एका जिल्ह्यातली तक्रार दुसऱ्या जिल्ह्याच्या पथकाने हाताळली, असं घडतं.

स्थानिक पोलीस ठाण्यात जाऊन ‘लाच मागतात’ असं सांगत बसू नका. या गुन्ह्यांचा तपास कोणत्या दर्जाच्या अधिकाऱ्याने करायचा हे कायद्यानेच ठरवलेलं आहे: उपअधीक्षक, किंवा शासनाने अधिकार दिलेला पोलीस निरीक्षक. ठाण्यात नुसता वेळ जाईल, आणि बातमी फुटण्याची शक्यता वाढेल.

## ४. सोबत काय न्यायचं

- आधारकार्ड किंवा दुसरं ओळखपत्र, आणि एक झेरॉक्स.
- अडलेल्या कामाचा अर्ज आणि त्याची पोच. हा सगळ्यात महत्त्वाचा कागद.
- कामाशी संबंधित कागद: सातबारा, खरेदीखत, फेरफाराची नोटीस, घरकुलाची मंजुरी, बिलाची प्रत, जे असेल ते.
- मागणी करणाऱ्याचं नाव, पद, कार्यालय आणि ज्या नंबरवरून तो बोलतो तो नंबर. पूर्ण नाव माहीत नसेल तर पद आणि टेबल सांगा.
- ज्या फोनवर बोलणं झालं तो फोन, चार्जरसह.
- तारखांची एक चिठ्ठी: कोणत्या दिवशी कुठे भेट झाली, कोण काय म्हणालं, किती मागितले.

पोच नसेल तर जाण्याआधी मिळवा. ‘या माणसाचं काम माझ्याकडे नव्हतंच’ हा बचाव फार जुना आहे, आणि तो तुमच्या हातातल्या एका शिक्क्याने कोसळतो. ऑनलाइन अर्जाचा टोकन क्रमांकही चालतो. पोच द्यायला टाळाटाळ होत असेल तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठवून पावती ठेवा.

एक गोष्ट आठवणीने सांगा. त्या अधिकाऱ्याशी तुमचं आधीचं भांडण आहे का, उसनवारी आहे का, नातं आहे का, त्याच्याविरुद्ध पूर्वी अर्ज दिला होता का? ‘हे तर उसने घेतलेले पैसे परत केले’ असं आरोपी हमखास म्हणतो. तपास अधिकाऱ्याला हे आधी माहीत असेल तर संभाषणातूनच त्याचं उत्तर मिळवता येतं.

## ५. फोनवरचं रेकॉर्डिंग जपा

तुमच्याकडे मागणीचं रेकॉर्डिंग असेल तर उत्तम, नसेल तरी तक्रार घेतात. असेल तर त्याला हात लावू नका. फाइल कापू नका, नाव बदलू नका, आवाज मोठा करणाऱ्या ॲपमधून काढू नका. ती व्हॉट्सॲपवर भावाला पाठवून मूळ फाइल पुसणं ही सगळ्यात जास्त होणारी चूक. फोन फॉरमॅट करू नका, विकू नका, दुरुस्तीलाही देऊ नका.

कारण साधं आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ लागू झाला. त्याच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं, आणि त्यात त्या फाइलचं हॅश मूल्य नोंदवावं लागतं. हॅश म्हणजे फाइलच्या बोटांचा ठसा समजा. फाइलमध्ये कणभर बदल झाला की हा ठसा बदलतो, आणि ‘छेडछाड झाली’ असं म्हणायला जागा मिळते.

पैसे फोनपे किंवा गुगल पेवर मागितले असतील तर तो क्रमांक, क्यूआर कोड आणि मेसेज जपून ठेवा. असे पैसे बरेचदा मेहुण्याच्या किंवा झेरॉक्सवाल्याच्या खात्यात मागितले जातात. तो क्रमांक तपासाला फार उपयोगी पडतो.

## ६. तक्रार लिहिताना

वकिली भाषा नको. घडलं त्या क्रमाने, तुमच्या बोलीत सांगा. पाच गोष्टी मात्र सुटता कामा नयेत: काम कोणतं, ते कोणाकडे अडलंय, मागणी कोणत्या तारखेला आणि कुठे झाली, किती रकमेची झाली, आणि ‘मला लाच द्यायची नाही, म्हणून तक्रार देत आहे’ हे वाक्य. शेवटचं वाक्य औपचारिक वाटेल, पण पैसे देण्याची तुमची इच्छा नव्हती हे पहिल्या दिवसापासून नोंदवणारं तेच आहे.

मागणीचे त्याचे शब्द जसेच्या तसे लिहा. तो ‘दहा द्या’ म्हणाला असेल तर तेच लिहा आणि दहा म्हणजे दहा हजार हे तुम्हाला कशावरून समजलं ते पुढे सांगा. आकडा ठाऊक नसेल तर अंदाजाने भरू नका. तक्रारीत पंधरा आणि रेकॉर्डिंगमध्ये दहा असा फरक पडला, तर साक्षीच्या दिवशी तुम्हाला त्यावर अर्धा तास उभं करतील.

टाइप झालेली तक्रार सही करण्याआधी शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. चूक दिसली तर तिथेच दुरुस्त करून घ्या. वाचता येत नसेल तर वाचून दाखवायला सांगा. हा तुमचा हक्क आहे.

## ७. पडताळणी

तक्रार दिली की लगेच सापळा लागतो असं नाही. आधी पंचांसमक्ष मागणीची पडताळणी होते. पंच म्हणजे दुसऱ्या एखाद्या सरकारी कार्यालयातून बोलावलेले दोन कर्मचारी, ज्यांचा तुमच्याशी किंवा त्या अधिकाऱ्याशी संबंध नसतो. विभागाचा डिजिटल व्हॉइस रेकॉर्डर तुमच्याजवळ देतात, एक पंच सोबत येतो, आणि तुम्ही त्या माणसाला भेटायला किंवा फोन करायला जाता.

इथे काय बोलायचं यावर पुढचा सगळा खटला उभा राहतो.

सुरुवात कामापासून करा: ‘साहेब, माझ्या फेरफाराचं काय झालं?’ मग थांबा. शांतता पसरली तर पसरू द्या. गडबडून ‘किती द्यायचे ते सांगा ना’ असं तुम्हीच म्हणालात, तर मागणी त्याची राहत नाही, तुमचा देकार होतो. बचाव पक्षाचा वकील हेच वाक्य पकडतो आणि ‘तक्रारदारानेच आमिष दाखवलं’ असं मांडतो.

तो आडून बोलेल. ‘मागे बोललो होतो तसं’, ‘तुम्हाला माहीतच आहे’, ‘वरपर्यंत द्यावं लागतं’, ‘बघून घ्या.’ काही जण तोंडाने बोलतच नाहीत. बोटं दाखवतात, कॅल्क्युलेटरवर आकडा दाबतात, कागदावर लिहून तो फाडतात. अशा वेळी न कळल्यासारखं साधेपणाने विचारा: ‘मला कळलं नाही साहेब, काय म्हणालात?’ किंवा बोटं दाखवली तर, ‘पाच म्हणजे पाचशे का?’ तो उत्तर देईल ते रेकॉर्ड होईल, आणि सोबतच्या पंचाने पाहिलेलं पंचनाम्यात येईल.

रक्कम कमी करायची विनंती करायला हरकत नाही. ‘गरिबाला जरा कमी करा’ म्हटलं की तो घासाघीस करतो, आणि ‘तडजोडीअंती आठ हजार’ हा आकडा त्याच्याच तोंडून ठरतो. मागणी सिद्ध व्हायला अशी घासाघीस मोठी मदत करते. मात्र शेवटी चार गोष्टी स्पष्ट व्हाव्यात: कोणत्या कामासाठी, किती, कधी, आणि कोणाकडे द्यायचे.

दलाल मध्ये असेल तर एक जास्तीची काळजी घ्या. दलाल ‘साहेबांसाठी’ म्हणाला एवढ्याने साहेब अडकत नाही. तो म्हणेल, ‘माझं नाव त्याने परस्पर वापरलं.’ म्हणून पथक बहुधा तुम्हाला साहेबांसमोर पाठवायचा प्रयत्न करतं, आणि ‘त्यांच्याशी बोललो आहे, चालेल ना?’ यावर साहेबांचा होकार मिळतो का ते पाहतं. होकार मिळाला नाही तर गुन्हा दलालापुरता राहू शकतो. त्याची तयारी ठेवा.

पहिल्याच भेटीत मागणी होईलच असं नाही. साहेब रजेवर असतो, खोलीत गर्दी असते, ‘उद्या या’ म्हणतो. पुन्हा जावं लागतं, कधी तीनदा. कंटाळून तक्रार सोडणारे बहुतेक इथेच सोडतात.

## ८. सापळ्याचा दिवस

लाचेची रक्कम तुम्हीच आणायची असते. ती शक्यतो बँकेतून किंवा एटीएममधून काढा आणि स्लिप ठेवा. रक्कम मोठी असेल आणि जमत नसेल तर तसं स्पष्ट सांगा. मोठ्या सापळ्यांत गड्डीच्या वर-खाली खऱ्या नोटा आणि मध्ये खेळण्यातल्या नोटा ठेवतात. सावकाराकडून व्याजाने पैसे आणायची पाळी येऊ देऊ नका.

कार्यालयात दोन्ही पंचांसमोर सापळापूर्व पंचनामा होतो. प्रत्येक नोटेचा क्रमांक लिहिला जातो. नोटांना फिनॉल्फ्थॅलिनची पांढरी पूड लावतात. ती कोरड्या नोटेवर दिसत नाही, पण तो हात सोडियम कार्बोनेटच्या रंगहीन पाण्यात बुडवला की पाणी गुलाबी होतं. महाराष्ट्रात अँथ्रासिनची पूडही वापरली जाते. ती अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली निळसर चमकते. याचं प्रात्यक्षिक तुम्हाला आणि पंचांना दाखवतात. तुमची झडतीही घेतात, म्हणजे खिशात या नोटांखेरीज दुसरे पैसे राहत नाहीत. यात वाईट वाटून घेऊ नका. ‘दुसरे पैसे दिले होते’ असं आरोपीला म्हणता येऊ नये म्हणून हे करतात.

नोटा तुमच्या एका ठरलेल्या खिशात ठेवल्या जातात. त्यानंतर:

- नोटांना हात लावू नका. पैसे मोजून पाहायची सवय आवरा.
- त्या अधिकाऱ्याशी हस्तांदोलन करू नका, त्याच्या टेबलावरच्या कागदांना हात लावू नका. तुमच्या हाताची पूड त्याच्या हाताला लागली तर ‘हस्तांदोलनामुळे लागली’ हा बचाव तयार होतो.
- तो मागेल तेव्हाच पैसे काढा. मागणी न होता पैसे पुढे करू नका, त्याच्या खिशात कोंबू नका, फाइलमध्ये सरकवू नका.
- तो ‘आणलंय का?’ म्हणाला तर ‘काय साहेब?’ असं एकदा विचारायला हरकत नाही. ‘ते आठ हजार’ हे शब्द त्याच्या तोंडून आले की मग द्या.
- दुसऱ्याकडे द्यायला सांगितलं, खणात ठेवायला सांगितलं किंवा गाडीच्या डिकीत टाकायला सांगितलं, तर ते मोठ्याने उच्चारा: ‘खणात ठेवू का साहेब?’
- पैसे गेल्यावरच ठरलेला इशारा करा. इशारा बहुधा साधा असतो, रुमालाने तोंड पुसणं किंवा डोक्यावरून हात फिरवणं असा. घाबरून आधीच हात डोक्यावर गेला तर सगळं फसतं, म्हणून घरून निघतानाच ती सवय मनात ठेवा.

पंच क्रमांक एक तुमच्यासोबत राहतो. तो कोण, असं विचारलं तर काय सांगायचं ते आधी ठरवून घ्या: मामेभाऊ, शेजारी, काहीही, पण दोघांनी एकच सांगायचं.

पथक आत आलं की तुमचं काम थांबतं. साहेबावर ओरडू नका, फोटो काढू नका. तुम्हाला बाजूला घेतात. दोन्ही पंचांसमोर हात धुण्याच्या चाचण्या, नोटांचे क्रमांक जुळवणं, बाटल्या सीलबंद करणं असा पंचनामा चालतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ मुळे झडती आणि जप्तीचं चित्रीकरणही होतं. रात्र होते. घरी उशीर होईल असं आधीच सांगून ठेवा, कारण मात्र सांगू नका.

त्याबद्दल अजून एक विनंती. सापळा होईपर्यंत कोणालाही सांगू नका: मित्राला नाही, गावच्या पुढाऱ्याला नाही, ओळखीच्या पत्रकाराला तर अजिबात नाही. तालुक्याच्या गावात बातमी चहाच्या टपरीवरून तहसीलमध्ये पोहोचायला अर्धा तासही लागत नाही.

## ९. त्याला संशय आला आणि त्याने पैसे घेतले नाहीत तर

हे बरेचदा घडतं. ‘आज नको, फोन करतो’ म्हणून तो निघून जातो. तक्रारदाराला वाटतं, सगळं वाया गेलं. तसं नाही. अनुचित लाभ मिळवण्याचा प्रयत्न हाही कलम ७ मध्ये गुन्हा आहे. म्हणून पडताळणीत मागणी स्पष्ट आली असेल तर पैसे न स्वीकारताही गुन्हा दाखल होतो. सातव्या पायरीवर इतका भर दिला तो यासाठी.

## १०. गुन्हा दाखल झाल्यावर

गुन्हा जिथे घडला तिथल्या पोलीस ठाण्यात नोंदवला जातो. तपास एसीबीकडेच राहतो. प्रथम खबरी अहवालाची (एफआयआर) प्रत घ्या आणि ती घरात जपून ठेवा, वर्षानुवर्षं लागेल. न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर तुमचा जबाब होऊ शकतो. रेकॉर्डिंग ऐकवून आवाज ओळखायला बोलावतात. आरोपीच्या आवाजाचा नमुना घेऊन तो न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत तपासतात.

तुमचे पैसे मुद्देमाल म्हणून जप्त होतात. ते निकालापर्यंत अडकू नयेत म्हणून तेवढी रक्कम तक्रारदाराला शासनाकडून परत देण्याची सोय आहे. तपास अधिकाऱ्याकडे लेखी मागणी करा, सोबत बँक खात्याचा तपशील द्या.

आरोपी ४८ तासांपेक्षा जास्त कोठडीत राहिला तर शिस्त व अपील नियम, १९७९ नुसार तो निलंबित झाल्याचं मानलं जातं. पण निलंबन म्हणजे बडतर्फी नव्हे. काही महिन्यांनी तोच माणूस दुसऱ्या टेबलावर दिसला तर धीर सोडू नका. खटला चालूच असतो.

न्यायालयाला दोषारोपपत्राची दखल घेण्यासाठी भ्रष्टाचार प्रतिबंधक अधिनियमाच्या कलम १९ खाली त्याच्या सक्षम प्राधिकाऱ्याची अभियोगपूर्व मंजुरी, म्हणजे खटला चालवण्याची परवानगी, लागते. कायद्यात त्यासाठी तीन महिने आणि गरज पडल्यास आणखी एक महिना दिला आहे. प्रत्यक्षात प्रकरणं इथे रेंगाळतात. मंजुरीचा प्रस्ताव कोणत्या तारखेला पाठवला, सध्या कोणाकडे आहे, हे अधूनमधून तपास अधिकाऱ्याला विचारत राहा.

## ११. मूळ कामाचं काय?

सापळा झाला आणि टेबल रिकामं पडलं, तर तुमचं काम आपोआप होत नाही. बाकीचे कर्मचारी तुमच्याकडे तिरक्या नजरेने पाहतात, फाइल कोणी उचलत नाही. यासाठी तीन गोष्टी लगेच करा.

पहिली, एसीबीच्या अधिकाऱ्याला काम अजून झालेलं नाही हे लेखी कळवा. तक्रारदाराच्या वैध कामासाठी विभाग संबंधित कार्यालयाकडे पाठपुरावा करतो. मूळ फाइल जप्त झाली असेल तर तिच्या साक्षांकित प्रतीवर काम पुढे नेता येतं का, ते विचारा.

दुसरी, तुमचं काम महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली अधिसूचित सेवेत येतं का पाहा. येत असेल तर मुदत उलटल्यापासून तीस दिवसांत पहिलं अपील करा. तिथे न्याय मिळाला नाही तर दुसरं अपील, आणि शेवटी सेवा हक्क आयोग. विनाकारण उशीर करणाऱ्या अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपये दंड होऊ शकतो.

तिसरी, माहिती अधिकाराचा अर्ज, दहा रुपयांचा. महाराष्ट्राच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय आणि शक्यतो दीडशे शब्द, म्हणून प्रश्न एवढाच ठेवा: ‘माझ्या अमुक तारखेच्या अर्जावर आजपर्यंत झालेल्या कार्यवाहीच्या टिपणीच्या प्रती द्याव्यात.’ का, कसं, कोणी असे प्रश्न विचारू नका, कागद मागा. तीस दिवसांत उत्तर नाही तर पहिलं अपील.

## १२. साक्षीचा दिवस

समन्स येईल तेव्हा बहुधा काही वर्षं उलटलेली असतील. खटला दोन वर्षांत संपवण्याचा प्रयत्न करावा असं कायदा म्हणतो, पण त्यावर विसंबू नका. या काळात तुमच्याकडे माणसं येतील. आरोपीचे नातेवाईक, गावातली वडीलधारी मंडळी: ‘त्याच्या पोराबाळांकडे बघा, नोकरी जाईल, सोडून द्या.’ कोणी पैसे देईल, कोणी धमकी देईल. धमकी आली तर त्याच दिवशी तपास अधिकाऱ्याला लेखी कळवा.

तक्रारदार फिरला की सगळं संपतं, असा समज आहे. १५ डिसेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने नीरज दत्ता प्रकरणात स्पष्ट केलं की तक्रारदार फितूर झाला, मरण पावला किंवा साक्षीला येऊ शकला नाही, तरी इतर साक्षीदारांवरून आणि परिस्थितीजन्य पुराव्यावरून मागणी सिद्ध करता येते. म्हणजे तुम्ही फिरलात तरी तो सुटेलच असं नाही, आणि शपथेवर खोटं बोलल्याबद्दल तुमच्यावर मात्र कारवाई होऊ शकते.

साक्षीच्या आदल्या दिवशी सरकारी वकिलांना भेटा आणि आपली तक्रार व जबाब पुन्हा वाचा. कोर्टात जेवढं विचारलं तेवढंच सांगा. वेळ, अंतर, कपड्यांचा रंग आठवत नसेल तर ‘आठवत नाही’ म्हणा. अंदाजाने दिलेलं उत्तर पंचनाम्याशी जुळलं नाही तर त्याचाच मुद्दा होतो. वकील ‘तुम्ही जबरदस्तीने पैसे दिले’ असं तीन वेगवेगळ्या प्रकारे विचारेल, तिन्ही वेळा शांतपणे ‘हे खरं नाही’ म्हणा. जेवणाचा डबा आणि पाण्याची बाटली सोबत ठेवा; उलटतपासणी दुपारनंतरही चालते, आणि उरली तर पुढच्या तारखेची नोंद करूनच कोर्टातून निघा.